बाळाच्या वाढीचे टप्पे नोंदवायच्या माइलस्टोन ॲपचं पेड सबस्क्रिप्शन: वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

रिन्यूअलचे पैसे परवा परस्पर कटले म्हणून आता लिहितेच. चेकलिस्ट, लसीचे रिमाइंडर, फोटो हे सगळं अशा प्रत्येक ॲपमध्ये असतं, त्यात वेळ घालवत नाही. माझा सगळा राग करेक्टेड वयावरून आहे, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वजाबाकी करून धरायचं वय.

लेक ३२ आठवड्यांना झाली, म्हणजे ८ आठवडे आधी. अशा बाळाची प्रगती बघताना तेवढे आठवडे वयातून वजा करायचे असतात, साधारण २ वर्षांची होईपर्यंत. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी सोडतानाच डॉक्टरांनी हे समजावलं होतं. पण ॲपला फक्त जन्मतारीख कळते, त्यामुळे ९ महिने झाले की ९ची लिस्ट, खरं तर लेक धरायची ७चीच, आणि निम्म्या ओळी लाल. मी ऑफिसवरून ऐरोलीला येतेय, ठाणे-वाशी लोकलला ही गर्दी आणि फोनवर नोटिफिकेशन की तुमचं बाळ मागे पडतंय. पोटात गोळाच आला. सपोर्टला मेल केला तर उत्तर काय, डॉक्टरांचा सल्ला घ्या. अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय वजा करा म्हणून!

रांगण्याचंही तेच. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०२२ मध्ये रांगणं आपल्या यादीतून काढूनच टाकलं, डब्ल्यूएचओच्या अभ्यासात ते साधारण ५ ते साडेतेरा महिन्यांत कधीही येतं आणि काही मुलं तर रांगतच नाहीत. आमची ढुंगणावर सरकत हॉलभर फिरली आणि सोफ्याला धरून थेट उभी राहिली. ॲपमध्ये ती ओळ अजून लाल आहे.

तरी मध्ये माझं मत बरंच बदललं होतं, ते व्हिडिओमुळे. तारखेनुसार छोटे व्हिडिओ ठेवता येतात, ते ओळीने बघताना सासूबाई म्हणाल्या, अगं ही प्रत्येक वस्तू उजव्यानेच घेतेय, डावी मूठ उघडतच नाही. वर्षाच्या आत एकाच हाताकडे असा ओढा दिसला तर तपासून घ्यावं लागतं. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवले, त्यांनी लगेच फिजिओथेरपी सुरू केली आणि आता दोन्ही हातांनी वाटी धरते. यासाठी मी ॲपची खरंच ऋणी आहे, पण हा हाताचा प्रश्न त्यांच्या चेकलिस्टने एकदाही विचारला नाही.

आता अपडेटमध्ये प्रसूतीची ड्यू डेट टाकायची सोय आलीये, पण ती वरच्या, महागड्या प्लॅनमध्ये! एका वजाबाकीचे पैसे? मनपाच्या नागरी आरोग्य केंद्रात लसीकरणाला मिळणारं माता आणि बाल संरक्षण कार्ड फुकट आहे, त्यात वाढीचे टप्पे चित्रांसकट आहेत, वजाबाकी आपण पेनाने करायची. व्हिडिओ काय, फोनच्या गॅलरीत तारखेनेच राहतात.

सबस्क्रिप्शन बंद करायचं असेल तर नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करा आणि त्याआधी सगळे व्हिडिओ डाउनलोड करून घ्या.