शोरूममधी २२, डायरीत १६: चौदा महिन्यांचा ॲव्हरेजचा हिशोब

गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की या कंपनीवाले अन् त्या कंपनीवाले भांडत बसतात अन् मूळ मुद्दा राहतो बाजूला. १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक आहे, साधा गिअर, एमएच २३, गुढीपाडव्याला डिलिव्हरी घेतली त्याला चौदा महिने झाले, २१ हजार किलोमीटर पळाली. एसी मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत पण झकास गार करतो, मागं तीन माणसं बसतात पण मधला कुरकुरतो, सस्पेन्शन आमच्या रस्त्यांच्या मानानं चांगलं. बास. कारण आपल्याकडं कुणी गाडी बघायला आलं की दार उघडायच्या आधी एकच विचारतं, किती देती? म्हणजे लिटरला किती किलोमीटर.

तर शोरूममधलं पोरगं म्हणलं होतं, सर कंपनी २२.३ सांगती, तुम्ही २० तरी धरून चला. मी धरून चाललो. पहिली टाकी फुल केली, संभाजीनगरची एक खेप झाली, बाकी बीडमधी गावातल्या गावात फिरणं, परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरली, ४१२ किलोमीटरला २६.३ लिटर बसलं. भागाकार केला, १५.७. परत केला, तेच. आण्णा म्हणले, "नवी गाडी हाय, इंजिन सुटू दे जरा." इंजिन सुटलं, अर्धा-पाऊण वाढलं असंल, पण २० काय दिसंना.

सर्व्हिसिंगला तक्रार केली तर तिथला माणूस म्हणतो, सर ॲव्हरेज तुमच्या पायात आहे. डोकंच फिरलं माझं. पण खोटं कशाला बोलू, त्याच माणसानं टायरची हवा बघितली तर चारी टायरात २६-२७, पाहिजे ३३. आमचा पंक्चरवाला मामा अंगठ्यानं दाबून "हाय हाय, टाइट हाय" म्हणायचा अन् मी निघायचो.

मग मात्र हा २२.३ येतो कुठून ते शोधलं. हे टेस्टिंग पुण्याच्या एआरएआयमधी (गाड्या तपासणारी संस्था) किंवा तसल्याच सरकारमान्य संस्थेत होतं. (पुण्याला शिकायला होतो तेव्हा एआरएआयच्या टेकडीवर रोज संध्याकाळी फिरायला जायचो, खाली गाड्यांची परीक्षा चालती हे डोक्यात पण नव्हतं.) गाडी रस्त्यावर नेतच नाहीत, खोलीत रोलरवर चढवतात, रोलरला हवेचा अन् टायरच्या घर्षणाचा अंदाजी लोड लावलेला असतो, ड्रायव्हर समोरच्या स्क्रीनवरची रेघ बघून तेवढाच स्पीड ठेवतो. साधारण वीस मिनिटं, साडेदहा किलोमीटर, सरासरी स्पीड ३२ च्या आसपास, अन् जास्तीत जास्त ९०, ते पण थोडाच वेळ. एसी बंद. पेट्रोल मापून बघत नाहीत, सायलेन्सरमधून निघालेल्या धुरातल्या कार्बनवरून किती जळालं ते काढतात. म्हणजे आकडा खोटा नाही, पण त्या खोलीत ना गेवराईच्या पुढं ऊसाच्या ट्रॉल्यांमागं सेकंड-थर्डमधी रांगणं आहे ना डिक्कीत ज्वारीचे दोन कट्टे. सगळ्या गाड्यांना तीच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला आकडा कामाचा. महिन्याचं पेट्रोलचं बजेट त्याच्यावर बसवलं की माझ्यासारखी गत होती.

डायरी ठेवली आहे डॅशबोर्डात, प्रत्येक वेळी टाकी फुल, पावती तिच्यातच. मीटरवर दिसतं त्याच्यावर जाऊ नका, माझ्या गाडीचा डिस्प्ले कायम एक-सव्वा जास्त दाखवतो. बीडमधी मे महिन्यात, एसी फुल, सुभाष रोडची गर्दी, दोन-दोन किलोमीटरच्या खेपा: १२.८. थंडीत तेच १४.५. बीड-संभाजीनगर ८०-८५ नं एसी लावून १९ च्या जवळपास.

अन् समृद्धी. नागपूरला लग्न होतं, जालन्याहून समृद्धीला लागलो, लिमिट १२० ची, रस्ता मोकळा, पाय आपोआप खाली जातो. ११५ च्या खाली काटा आलाच नाही. मला वाटलं मोकळा रस्ता, गिअर नाही ब्रेक नाही, आज २२ फाडणार. आलं १५.२! गावातल्यापेक्षा थोडंच बरं. झालं असं की हवेचा रेटा स्पीडच्या वर्गानं वाढतो, ८० वरून ११५ ला गेलं की दुपटीच्या वर. रोलरवरच्या टेस्टमधी गाडी त्या स्पीडला पोचतच नाही, मग आकड्यात ते दिसणार कसं? युरोपनं २०१७ मधी नवी टेस्ट आणली, ती १३१ पर्यंत जाती अन् अर्धा तास चालती, तिथले आकडे त्यानंतर जरा जमिनीवर आले.

२२ एकदाच दिसलं जवळून. जानेवारीत आण्णांना डोळ्याच्या दवाखान्यात संभाजीनगरला नेलं. आण्णा पुढच्या सीटवर बसले की ६५ च्या वर "कुठं आग लागली का रे?" सुरू होतं. एसी लावायचा नाही, सर्दी होती. ओव्हरटेक करायचा नाही. बीडमधून निघायच्या आधी टाकी फुल, आल्यावर परत फुल: २१.६. एआरएआय म्हणजे आमचे आण्णाच आहेत हे त्या दिवशी कळलं.

ई२० बद्दल पण लोक विचारतात, म्हणजे उसापासून निघणारं इथेनॉल २० टक्के मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमधी पेट्रोलपेक्षा लिटरमागं ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की हिशोबानं ६-७ टक्के कमी भरती. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमधी जुन्या चारचाकींना ६-७ टक्के अन् ई२० ला ट्यून केलेल्या गाड्यांना १-२ टक्के घट धरलीय. माझी ई२० वाली आहे, त्यामुळं माझा सगळा खड्डा इथेनॉलच्या नावावर घालता येत नाही, मित्र लोक घालतात. गंमत अशी की आमचाच ऊस कारखान्याला जातो, आण्णा त्याच्या बिलासाठी महिनोन्‌महिने चकरा मारतात, अन् तोच ऊस नोझलमधून परत माझ्या टाकीत येतो आणि त्याचे पैसे मात्र रोख.

गाडी परत घेतली असती का? घेतली असती, ॲव्हरेजला ५ पैकी साडेतीन, त्या पोराच्या "२० तरी धरा" ला शून्य. सगळं मिळून सरासरी १६.४ पडती, तुमचं फिरणं जास्त गावातलं असंल तर १४ धरा, हायवेला ८० च्या आत राहणारा शांत माणूस असाल तर १९. महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर असंल तर सीएनजी बघा, पण आधी तुमच्याकडं पंपावर लाइन किती लागती ते जाऊन बघून या.

डायरीतली शेवटची नोंद कालची: ३८८ किलोमीटर, २१.९ लिटर, १७.७. आण्णा मागं झोपले होते म्हणून एसी चालू होता.