जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, आईचा व्हिडिओ कॉल अडकायचा थांबला : सहा महिन्यांचा अनुभव

स्पीड टेस्ट झकास येते पण व्हिडिओ कॉल रोज रात्री अडकतो असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण आमच्याकडे दोन वर्षं हेच होतं. आई आणि दादा साताऱ्याला, ताई म्युनिकला, मी पुण्यात. ताई कामावरून येते तेव्हा तिकडचे साडेचार-साडेपाच आणि आपले रात्रीचे नऊ, दोघींना जमणारी तीच एक वेळ. आणि नेमकं नऊ वाजताच चित्र थिजायचं. कॉल तुटायचा नाही, ते जास्त वाईट. ताईने विचारायचं "पुरणात वेलची कधी घालू?", आई लगेच सांगायची, पण ते तिकडे दोन सेकंदांनी पोचायचं, तोवर ताईने पुन्हा विचारलेलं असायचं, मग दोघी एकदम बोलायच्या, दोघी एकदम थांबायच्या, आणि पुढची दहा मिनिटं "ऐकू येतंय का गं?" यातच जायची. शेवटी आई म्हणायची, "राहू दे, फोटो पाठव." ते ऐकून खरंच वाईट वाटायचं.

नेटवाल्याचं उत्तर एकच, मोठा प्लॅन घ्या. घेतला, ४० एमबीपीएसचा ६० केला. काडीचा फरक नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन बसलो, एका खिडकीत घरच्या राउटरला म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं) आणि दुसऱ्या खिडकीत बाहेर ८.८.८.८ ला पिंग लावून ठेवला. नऊपर्यंत बाहेरचा पिंग १५-२० मिलिसेकंद. नऊ वाजून पाच मिनिटांनी दादा दुकान बंद करून आला, त्याचा फोन वायफायला लागला आणि आकडे ४००, ७००, ९००, मधेच १२००. राउटरचा पिंग मात्र २-३ च्या वर नाही. म्हणजे वायफायचा दोष नाही, गडबड राउटरच्या पुढे. दादाच्या फोनमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ बॅकअपला चढत होते आणि आमचा अपलोड जेमतेम १८ एमबीपीएस.

स्वारगेटला तिकीट खिडकीवर एकजण अख्ख्या वऱ्हाडाचं बुकिंग करत बसला की मागच्या एका तिकिटवाल्याची गाडी सुटते ना, तसंच. बॅकअपची हजार पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, नेटवाल्याच्या डब्याच्या पोटात रांग लावून बसतात आणि आईच्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्यांच्या मागे. डाउनलोड कितीही वाढवा, ही रांग हलत नाही. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटीस नावाच्या इंजिनिअरला २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या नेटवरच हे जाणवलं आणि त्यानंतर यावर भरपूर काम झालं.

तर ओपनडब्ल्यूआरटी. राउटरच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्याजागी टाकायची ही फुकट, लिनक्सवर चालणारी सिस्टिम आहे, २००४ पासून आहे, सुरुवात लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरवरून झाली म्हणून नावात ती अक्षरं. माझ्याकडे पुण्यात एक चार अँटेनावाला गिगाबिट राउटर कपाटात पडून होता, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, तोच घेतला. इथे एक गोष्ट अगदी जपून करा, राउटर उलटा करून स्टिकरवरचं व्हर्जन बघा. मॉडेल तेच असलं तरी व्हर्जन २ आणि ३ च्या आत वेगळी चिप असू शकते आणि चुकीची फाइल टाकली तर राउटर बंद पडतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर हार्डवेअरची यादी आहे, तिथे जुळवल्याशिवाय हात लावू नका. आणि टाकून झाल्यावर वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, पहिल्यांदा लॅनची वायर लावूनच आत जायचं.

आमची अजून एक अडचण, ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ आणि नेटवाल्याच्या फायबरच्या डब्याचाही तोच, त्यामुळे नेटच चालेना. माझ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला तेव्हा चालू झालं.

मग खरं काम, एसक्यूएम, म्हणजे पाकिटांची रांग शहाणपणाने लावणं. राउटरच्या सेटिंग्जमधल्या सॉफ्टवेअरच्या पानावरून ल्युसी-ॲप-एसक्यूएम हे पॅकेज टाकायचं, आधी घरात कोणी नेट वापरत नसताना वायरवरून स्पीड मोजायचा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरायचा. मी डाउनलोड ५०,००० आणि अपलोड १६,००० केबीपीएस (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) टाकलं, रांगेच्या प्रकारात केक निवडलं. केक म्हणजे खायचा नाही, ते २०१८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आलेलं रांग लावायचं तंत्र आहे. आकडा कमी का टाकायचा तर रांग नेटवाल्याच्या डब्यात तयारच होऊ द्यायची नाही, ती आपल्या राउटरात राहिली तर तो प्रत्येकाला आळीपाळीने सोडतो आणि आईच्या आवाजाला थांबावं लागत नाही. त्याच रात्री दादाचा बॅकअप चालू असताना पिंग बघितला, ४० च्या वर गेला नाही. बफरब्लोटच्या टेस्टमध्ये आधी एफ होता, आता ए. साठातले दहा एमबीपीएस मी आनंदाने सोडून दिले.

आता दुसरा भाग, थोडा किचकट. आईचा आणि ताईचा फोन आपापल्या राउटरच्या आड असतो, एकमेकांना थेट दिसत नाही. ॲप बाहेरच्या स्टन सर्व्हरला विचारतं की मी बाहेरून कुठल्या पत्त्यावर दिसतो, मग दोन्हीकडून यूडीपीची, म्हणजे पोच न मागता झटपट जाणारी, पाकिटं सोडून मधली वाट उघडतात. नाही जमलं तर सगळं टर्न नावाच्या मधल्या सर्व्हरमार्गे फिरून जातं, चालतं पण उशीर वाढू शकतो. घरात एकामागे एक दोन डबे पत्ते बदलत बसले की हे काम अवघड होतं, म्हणून नेटवाल्याच्या पोराला बोलावून त्यांचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे पत्ते न बदलता नुसतं पुढे पाठवण्यावर, करून घेतला आणि नेटचा युजरनेम-पासवर्ड माझ्या राउटरात भरला. पोरगा हुशार होता, दहा मिनिटांत करून दिलं. तुमच्या राउटरला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला मिळाला तर पुढेही अख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता आहे असं समजा, तेव्हा आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, मिळतं का ते जरूर विचारा.

पोर्ट फॉरवर्डिंग करा (बाहेरून आत यायला ठरावीक दार उघडा), डीएमझेड चालू करा (एका मशीनची सगळीच दारं उघडा) असं सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. आजच्या व्हॉट्सॲप, झूम, मीटला त्यातलं काही लागत नाही, आणि डीएमझेडने तर ते मशीन सगळ्या जगासाठी उघडं पडतं. केलं असेल तर आजच बंद करा.

आईच्या फोनमध्ये आणखी एक सापडलं. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत कॉलमध्ये आयपी पत्ता लपवायचं सेटिंग आहे, ते दादाने कधीतरी चालू केलेलं. त्याने सगळे कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून फिरून जातात. अनोळखी लोकांशी बोलणाऱ्याला ते उपयोगाचं, आईला फक्त ताईशी बोलायचं असतं म्हणून बंद केलं.

घर जुनं, दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, आईच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही. तिथपर्यंत १५ मीटर कॅट-६ वायर नेली आणि अजून एक जुना राउटर डीएचसीपी (घरातल्या फोनांना पत्ते वाटायचं काम) बंद करून नुसता वायफायसाठी लावला.

हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. सगळं इंग्रजीत, पानं पुष्कळ, कुठलं बटण कशाचं ते वाचल्याशिवाय कळत नाही, आणि घरात कोणी थोडं माहितगार नसेल तर एसक्यूएम तयार असलेला राउटर विकत घेणं बरं. एसक्यूएमला प्रोसेसरची ताकद लागते, २००-३०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर जुना राउटर पुरणार नाही.

आणि अपडेट करताना लक्षात ठेवा, साध्या पद्धतीने नवीन व्हर्जन टाकलं की सेटिंग्ज राहतात पण आपण वरून टाकलेली पॅकेजेस जातात. फेब्रुवारीत मी पुण्यात बसून अपडेट केलं आणि हे विसरलो. रात्री साडेनऊला आईचा फोन, "अरे, परत तसंच व्हायला लागलंय रे." दादाला लॅपटॉपसमोर बसवून ते पॅकेज पुन्हा टाकायला लावलं, ५०,००० आणि १६,००० चे आकडे जागेवरच होते, आणि माझा फोन ठेवायच्या आत मागून आईचा ताईशी बोलताना आवाज यायला लागला.