टॅपेटच्या टकटकीसाठी १३ पात्यांचं फिलर गेज

टॅपेट म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह उघडणारा भाग; तिथली बारीक फट, म्हणजे गॅप, मोजायला ठरावीक जाडीच्या पात्यांचा हा संच. मेळघाटात, धारणी-सेमाडोहकडे लांब पल्ल्याची गाडी फिरवणाऱ्यांनी हे टूलकिटात ठेवावंच. ०.०५ ते १.०० मिमी, स्टीलची पाती, आकडे कोरलेले. तेलाचा हात लावून ठेवा, पावसाळ्यात गंज चढतो.

खोट एकच, पण मोठी: ०.०५ नंतर थेट ०.१०. मॅन्युअलात गॅप ०.०८ असेल तर ०.०५ सहज जावं आणि ०.१० अडावं, असं बसवा.

इंजिन पूर्ण थंड हवं. मे महिन्यात म्हणजे पहाटेच. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टनची सर्वात वरची जागा) आणा, तेव्हा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर हाताने किंचित हलतात. पातं जरासं घासत सरकलं की गॅप बरोबर. लॉकनट आवळताना गॅप बसवायचा स्क्रूही फिरतो, म्हणून नंतर पुन्हा मोजा. बहुतेकांचं इथेच चुकतं. आवाज पार घालवायच्या नादात गॅप कमी केली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. हलकी टिकटिक राहू द्या.

गॅप बरोबर असूनही खडखड असेल तर टायमिंग चेन आणि टेन्शनर तपासा. हायड्रॉलिक टॅपेटच्या (ऑइलच्या दाबावर गॅप आपोआप जुळवणाऱ्या) यूसीई बुलेटला, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या बुलेटला, हे गेज कामाचं नाही. तिथे आधी ऑइलची लेव्हल बघा.