आखूड कुरळ्या केसांना दोन पेडांचे पीळ: बेगमपुऱ्यातल्या एका खुर्चीच्या पार्लरविषयी

तुमचे केस आखूड आणि दाट कुरळे असतील, आणि प्रत्येक पार्लरमध्ये बसल्या बसल्या "मॅडम, स्मूदनिंग करून घ्या ना" हेच ऐकावं लागत असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यातलं हे पार्लर तुमच्यासाठी आहे. इथं केस सरळ करून मिळत नाहीत. जसे आहेत तसेच ठेवून त्यांना दोन पेडांचे पीळ घालून मिळतात. काम इतकं नेटकं आहे की मी आता दुसरीकडे केसांना हात लावू देत नाही.

पार्लरचं नाव इथं लिहीत नाही. ते चालवणाऱ्या ताईंनीच तसं सांगितलंय. एकच खुर्ची, एकच माणूस, गर्दी झाली की काम बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पाणचक्कीकडून विद्यापीठाकडे जाताना बेगमपुऱ्यात आत शिरा आणि कुरळ्या केसांचं काम करणाऱ्या ताई कुठं बसतात ते विचारा. गल्लीतली पोरंसुद्धा सांगतील.

ताई आधी आयब्रो, फेशियल, मेंदी असं नेहमीचं काम करायच्या. जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असल्यामुळे गल्लीत परदेशी विद्यार्थी भाड्यानं राहायला असत. सुदान, सोमालियाच्या मुलींना शहरात केस करून देणारं कुणी मिळत नसे. सुट्टीच्या दिवशी त्या ताईंच्या ओट्यावर बसून एकमेकींचे केस विंचरायच्या, पीळ घालायच्या. ताई बघत राहिल्या, मग विचारायला लागल्या, मग त्याच मुलींच्या केसांवर हात बसवला. हे आपण कुणाकडून शिकलो ते त्या प्रत्येक नव्या बाईला सांगतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ही कला आफ्रिकेतल्या आणि तिथून जगभर गेलेल्या लोकांची आहे. त्यांच्यातल्या अनेकांचे केस आपल्याकडच्या बहुतेक कुरळ्या केसांपेक्षाही घट्ट वळणाचे असतात, आणि त्या केसांची निगा राखता राखताच ही पद्धत घडली. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी नावानं हे शहर वसवलं. तो इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत पोचला. त्याच्या शहरात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलीला कुठल्याच पार्लरमध्ये खुर्ची मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कामाबद्दल.

माझे केस ओले असताना कानाच्या पाळीखाली येतात आणि वाळले की कानाच्या वर चढतात. अशा केसांना कोरडे असताना कंगवा लावला की ते तुटतात. कुरळा केस मुळाशीच वाकडा उगवतो, त्यामुळे डोक्याच्या कातडीतलं तेल वळणावळणानं टोकापर्यंत पोचत नाही आणि टोकं कायम कोरडी राहतात. ताई म्हणून सुरुवात पाण्यानं करतात. "केसाला आधी पाणी दाखवा, मग कंगवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाणीही कुठलंही नाही. बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसांवर बसतो आणि केस खरखरीत लागतात. नळाचं पाणी या शहरात रोज येत नाही. फवाऱ्याच्या बाटलीत आणि शेवटच्या धुण्याला त्या जारचं पाणी वापरतात. एवढा विचार करणारं पार्लर मी दुसरं पाहिलेलं नाही.

ओल्या केसांतला गुंता आधी बोटांनी, टोकाकडून मुळाकडे सोडवतात. मग मोठ्या दातांचा कंगवा. मग शेपटीच्या कंगव्यानं भांग पाडून छोटे छोटे चौकोन करतात, आणि इथं त्यांचं कसब दिसतं. आखूड केसांत सगळ्या ओळी सरळ एकाखाली एक आल्या तर मधली कातडी उघडी दिसते, डोकं विरळ वाटतं. ताई वरच्या दोन चौकोनांच्या मधोमध खालचा चौकोन येईल अशी मांडणी करतात. वरचा पीळ खालचा भांग झाकतो. बोटभर लांबीच्या केसांतसुद्धा डोकं भरलेलं दिसतं.

प्रत्येक चौकोनातल्या केसांना जवसाचं जेल लावतात. ते त्या घरीच करतात. एक वाटी जवस असेल तर आठ वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं. गार झाल्यावर ते गाळलं जात नाही. ज्या जवसाची आपण भाकरीबरोबर चटणी खातो तोच हा. बाजारातल्या जेलनं माझे केस कडक व्हायचे आणि खांद्यावर पांढरी पापडी पडायची, या जेलनं तसं होत नाही.

मग पीळ. बघताना सोपं वाटतं. दोन भाग करायचे आणि एकमेकांवर गुंडाळायचे, एवढंच. पण नुसते गुंडाळलेले केस आखूड असतील तर घरी पोचेपर्यंत सुटतात. आमच्या शेतावर आजोबा अंबाडीच्या वाखाची दोरी वळायचे, तसंच ताईंचं आहे. प्रत्येक पेडाला आधी एका दिशेनं पीळ आणि मग दोन्ही पेड एकमेकांवर उलट दिशेनं. दोन्ही पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत. टोकाशी आल्यावर ती बट बोटाभोवती गुंडाळून गोल करून सोडतात. रबर बँड लावत नाहीत, कारण आखूड केसात ते काढताना टोकं तुटतात. मानेवरचे केस दोन पेडांना पुरत नाहीत, तिथं एकाच बटेला बोटावर पीळ देतात. सगळ्या डोक्याला दोन-अडीच तास लागतात. मध्ये चहा येतो.

वाळवण्याबद्दल ताई फार कडक आहेत, आणि ते बरोबरच आहे. केस ओला असताना त्याच्या आतले हायड्रोजनचे नाजूक बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. अर्धवट ओले पीळ उघडले तर आकार धरत नाही आणि सगळे केस पिंजारतात. मे महिन्यात इथं चाळीसच्या वर पारा असतो, तेव्हा तासाभरात काम होतं. श्रावणात रात्र जाते. गरम ड्रायर त्या लावत नाहीत. आणि कूलरसमोरही बसू देत नाहीत! कूलरची हवा दमट, तिच्यात केस वाळायचे नाहीत. पंख्याखाली बसायचं. एकदा एक मुलगी घाई करायला लागली तर ताई म्हणाल्या, "काहून घाई करती गं? इतका वेळ बसली, अजून थोडी बस. ओला पीळ सुटंल ना."

पीळ माझ्या डोक्यावर आठवडाभर तरी छान राहतात. त्या काळात रोज केस धुवायचे नसतात, फक्त सकाळी बोटांनी पाणी शिंपडायचं. ज्या घरात हंडे मोजून पाणी वापरतात त्या घरात ही गोष्ट किती मोठी आहे ते मराठवाड्यात सांगायला नको. मी लातूरला नोकरीला होते तेव्हा, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात कुरळे केस धुवून, कंडिशनर लावून, पुन्हा धुवायचं म्हणजे जिवावर यायचं. तेव्हा हे कुणी शिकवायला हवं होतं.

रात्री सुती उशी केसांतला ओलावा शोषते आणि पीळ घासले जातात. जुन्या रेशमी साडीचा तुकडा डोक्याला बांधून झोपा. हिमरूची शाल मात्र नको, तिच्या मागच्या बाजूचे सुटे धागे केसांत अडकतात. स्कूटीवर जाताना आपण उन्हासाठी जो सुती स्कार्फ गच्च आवळतो, त्याच्याखाली आणि हेल्मेटखालीही हाच रेशमी तुकडा घ्या.

एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण गावाकडच्या मुलींना तिचा सर्वांत जास्त त्रास होईल. मी पीळ घालून अंबडला मावशीकडे गेले, तर शेजारच्या एका आजीनं मला बाजूला घेऊन घाबऱ्या आवाजात विचारलं, "देवीचं आलं काय गं बाई?" त्यांना ती जट वाटली. आपल्याकडे केसांत जट झाली की देवीचा कोप समजतात, कापली तर घरावर संकट येईल म्हणून बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अजूनही घरोघरी जाऊन, समजावून, जटा कापून देतात. जट होते ती साध्या कारणानं. रोज पन्नास ते शंभर केस गळतात, ते विंचरून निघाले नाहीत तर चांगल्या केसांत गुंतत जातात आणि घट्ट गोळा बनतो. मी आजींच्या समोर बसून एक पीळ उलगडून दाखवला. केस मोकळे झालेले पाहून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "मग बरं हाय." तुम्हालाही कुणी विचारलं तर रागावू नका, उलगडून दाखवा.

आणि म्हणूनच ताई पीळ फार दिवस ठेवू देत नाहीत. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की गळलेले केस मुळाशी अडकून खरोखरच गुंता व्हायला लागतो. उघडायचं कामही त्या करतात. बोटांना करडईचं तेल, पीळ ज्या दिशेनं घातला त्याच्या उलट हळूच सोडवायचा, मग प्रत्येक बट हातानं मोकळी करायची. त्या वेळी मूठभर केस हातात येतात. ते इतक्या दिवसांचे साठलेले असतात, टक्कल पडत नाही. उघडल्यानंतर जी सुंदर, भरीव वळणं दिसतात ती आणखी दोन-तीन दिवस टिकतात. मला पिळांपेक्षाही हे रूप जास्त आवडतं.

न पटलेल्या गोष्टीही आहेत. पहिल्या वेळी कपाळावरचे पीळ जास्त ताणले गेले होते आणि रात्री कानशिलं ठणकत होती. सकाळी जाऊन सांगितल्यावर ताईंनी काही न बोलता पुढची सगळी रांग उलगडून सैल घातली, पैसे घेतले नाहीत. तरी तुम्ही खुर्चीत असतानाच सांगा. कपाळ आणि कानशिलाजवळचे केस नाजूक असतात, सतत ताण बसला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. दुखतंय ते सोसायचं नाही. दुसरं म्हणजे त्या जेलची बाटली घरी न्यायला देतात, ती उन्हाळ्यात घेऊ नका. त्यात टिकवणारं काही नसतं, फ्रिजबाहेर लगेच आंबतं आणि फ्रिजमध्येही आठवड्याच्या पुढे ठेवू नये. शिवाय वीज गेली की काम थांबतं, आणि गाडी लावायला जागा नाही.

नुसते लाटांचे केस असतील तर इथले पैसे वाया जातील. माझ्या मावसबहिणीनं हट्टानं करून घेतले, ताईंनी आधीच नको म्हटलं होतं. रात्रीतूनच टोकं सुटली. दोन पेड धरून राहायला केसाला स्वतःचं वळण लागतं.

मी शाळेत शिकवते. नोकरीच्या ठिकाणी हे चालतं का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. माझ्या शाळेत कुणी हरकत घेतली नाही. अमेरिकेत अशा केसांवरून लोकांना कामावर आणि शाळेत अडवलं जात होतं, म्हणून कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदाच केला. आपल्याकडे अडवणूक बोलण्यातून होते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जिचे केस रोज सकाळी तेलात चोपून दोन रिबिनींत कोंबले जातात. तिनं मधल्या सुट्टीत हळूच विचारलं, "बाई, माझे पण असे होतील का?" मी हो म्हणाले, आणि तिच्या आईला ताईंचा पत्ता दिला. तिची आई जाऊनही आली. लहान मुलींचे पीळ ताई जाड आणि सैल घालतात, म्हणजे डोक्यावर ताण येत नाही.

आखूड केसांच्या पूर्ण डोक्याचे ₹६००, उघडून आकार द्यायचे ₹१५०. दुसऱ्या पार्लरमध्ये स्मूदनिंगला मोजावे लागतात त्यांच्या मानानं हे काहीच नाही. जाताना केस त्याच दिवशी धुतलेले असू द्या, तेल अजिबात नको. सकाळची वेळ मागा, उजेड चांगला असतो. केस दोन इंचांहून कमी असतील तर थोडं थांबा, महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. तोवर ताई बोटावर एकेका बटेचे पीळ घालून देतात, त्याचे ₹३०० घेतात, आणि तेही काम चांगलं आहे.