टायटॅनियमला लाल रंग चढत नाही, हे मला ४,०७० रुपयांना कळलं

आधी आकडे सांगतो, रडगाणं नंतर. चाकूची मूठ लाल करून घ्यायला दिलेला ॲडव्हान्स २,४००. मग 'केमिकल चार्ज' म्हणून ८५०. परतीचं कुरिअर आणि विमा ६४०. इकडून पाठवताना मी भरलेले १८०. एकूण ४,०७० रुपये. माझ्या चाकूच्या मुठीच्या अस्सल टायटॅनियमच्या दोन पट्ट्या गेल्या, त्या यात धरलेल्याच नाहीत. चाकू १७,८०० चा, घडीचा, मेहुण्याने बाहेरून आणलेला. एवढ्या पैशाचा चाकू कशाला, हा प्रश्न घरच्या सगळ्यांनी विचारून झाला आहे, तुम्ही नाही विचारला तरी चालेल. लोक बुलेटच्या सायलेन्सरवर याहून जास्त उडवतात.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी बांधतो. अख्खं आयुष्य व्होल्ट आणि अँपिअर मोजण्यात गेलं, आणि गंडलो ते व्होल्टवर चालणाऱ्या कामातच. राग त्याचा आहे.

इन्स्टावर एकजण चाकूच्या मुठी रंगवून देतो म्हणून दिसला. पत्ता नाशिकचा. व्हिडिओत बोरॅक्सच्या पाण्यात टायटॅनियमची पट्टी, तिला डीसी सप्लायचं प्लस, आणि व्होल्टेज चढवत नेलं की रंग पालटत जातो. आधी तांबूस सोनेरी, मग जांभळा, मग गडद निळा. मी तर बघतच राहिलो. तो व्हिडिओ खराच होता, फक्त त्याचा नव्हता. कोणाचा तरी उचललेला. या कामाला ॲनोडायझिंग म्हणतात, ते खोटं नाही, लोक घरीसुद्धा करतात. त्यामुळे मी काही हवेतल्या गोष्टीला भुललो नव्हतो.

आता ती जागा सांगतो, जिथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी व्हॉइस मेसेज टाकला, लाल होईल का? एका मिनिटात उत्तर आलं, "होईल ना दादा. कसा पाहिजे, कुंकवासारखा की डाळिंबी?" आणि मी, डोळे मिटून, डाळिंबी म्हणालो! तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. रात्री झोप लागली नाही की तोच ऐकतो.

टायटॅनियमला लाल रंग येतच नाही. हे मला नंतर धुळ्याच्या एका ओळखीच्या प्लेटिंगवाल्याने सांगितलं. टायटॅनियमला कसलाही रंग लावत नाहीत. विजेने त्यावर ऑक्साइडचा पातळसा थर धरतो, थर किती जाड त्यावर प्रकाशातला कोणता रंग डोळ्याला दिसणार ते ठरतं, आणि जाडी ठरते व्होल्टेजवर. पंधरा-वीस व्होल्टला तांबूस सोनेरी, तिशीच्या आसपास निळा, साठच्या पुढेमागे पिवळा, मग गुलाबी, शंभराच्या जवळ हिरवा. या रांगेत खरा लाल कुठेच बसत नाही. काळाही नाही. हाडात घालायचे टायटॅनियमचे स्क्रू निळे-सोनेरी दिसतात, ते याच पद्धतीने. लाल होतं ते ॲल्युमिनियम. त्याला ॲसिडमध्ये घालून विजेनेच वर बारीक छिद्रांचा थर आणतात आणि त्या छिद्रांत रंग मुरवतात. मोटरसायकलचे लालभडक पार्ट मी हजार वेळा पाहिलेत, तेही ॲनोडायझिंगच. मग टायटॅनियमचं वेगळं असतं हे मला कुठून कळावं? सांगा ना. रिवाइंडिंगवाल्याने धातूचं शास्त्र पण शिकायचं का?

दुसरी गोष्ट. मी विचारलं, पट्ट्या सोडवून तेवढ्याच पाठवू का? म्हणाला, "नको, वॉरंटी जाईल, अख्खा पाठवा." कसली वॉरंटी? पातं आणि स्क्रू स्टीलचे, ते त्या पाण्यात घालायचेच नसतात. टायटॅनियमवर थर धरला की तिथला करंट थांबतो, मग सगळा करंट स्टीलमधून धावतो आणि स्टील खाल्लं जातं. कोणाला पाठवायचंच असेल तर स्वतः उघडा, फक्त पट्ट्या द्या, आणि द्यायच्या आधी वजन करा. बिल मागा. बिल नाही म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

पार्सल आलं. डाळिंबी रंग, एकदम सुरेख. दोन दिवस मी तो दुकानात येईल त्याला दाखवत होतो, हे लिहिताना सुद्धा कान गरम होतात. हातात हलका लागत होता, मला वाटलं साफसफाई केली असेल. समोरच्या सराफाने गंमत म्हणून काट्यावर टाकला. चाकू घेतला तेव्हा त्याच्याच काट्यावर १४८ ग्रॅम भरला होता, आता १२४. २४ ग्रॅम कुठे गेले? सोन्यावाल्याची नजर, तो हसलाच नाही. दुकानात येऊन पट्टी सोडवली आणि आतली कड ग्राइंडरला लावली. टायटॅनियम असतं तर पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या असत्या. एक ठिणगी नाही. ॲल्युमिनियम! लोहचुंबक लावून बघत बसू नका, तो दोन्हीला चिकटत नाही.

त्याला फोन केला तर नंबर ब्लॉक.

मग ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी तक्रार राहू दिली आणि चाकूच हातात घेतला. "तुले कसाले लागस आसा चाकू?" मोजपट्टी आणून पातं मोजलं. सव्वातीन इंच. लायसन लागतं ते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला, हे मीच त्यांना सांगायचं, आणि वर "जास्त कायदा शिकवू नको" हे ऐकायचं. फसलेला मी, आणि नाव-गाव, धंदा, बापाचं नाव माझंच लिहून घेतलं. म्हणाले आरोपी नाशिकचा, तिकडे जा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, शून्य क्रमांकाने, हे नव्या कायद्यात छापलेलं आहे. फसवणुकीचं चारशेवीस जाऊन ३१८ आलं, ठाण्यात मात्र उत्तर जुनंच. सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले, पार्सल मिळालं ना, मग हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही, ग्राहक मंचात जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. प्रत्येकाचं बरोबर, फक्त माझेच पैसे चुकीचे. एकाने तर विचारलं, "रंग तर लाल आहे, मग तक्रार काय?"

तुमचं असं काही झालं तर पैसे गेल्या गेल्या सायबर हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, त्याच तासात, माझ्यासारखं वजनं करत बसू नका. वस्तूच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मी तिथे अर्ज टाकला आहे.

आणि एक काम करा. मोटार उघडताना झाकण कुठलं कुठे ते कळावं म्हणून मी पंचने खूण करतो, तीच सवय. माझ्या खऱ्या पट्ट्यांच्या आतून, मधल्या स्क्रूच्या भोकाशेजारी, एकीवर एक टिंब आहे, दुसरीवर दोन. टायटॅनियमच्या जुन्या पट्ट्या स्वस्तात द्यायला कोणी आलं तर घ्यायच्या आधी उलट्या करून बघा, आणि टिंबं दिसली तर फोटो काढून ठेवा, आयोगापुढे लावायला मला तेवढाच पुरावा कमी आहे.