लीगचा न्याय कुणाच्या हाती: गेमच्या, रेस कंट्रोलच्या की रेसनंतरच्या पंचांच्या?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतले चार-पाच, शिरोलीच्या कारखान्यांतले तिघे-चौघे, कॉलेजची आठ-दहा पोरं. असे अठरा-वीस जण जमले की ऑनलाइन रेसिंग लीग उभी राहायला आठवडा पुरतो. गाड्या ठरतात, ट्रॅक ठरतात, ग्रुपचा डीपीही ठरतो. राहतं ते एकच: पहिल्या वळणावर ठोकाठोकी झाली तर चूक कुणाची हे सांगायचं कुणी? कोल्हापुरात मोहिते अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथे झेंडा घेऊन मार्शल उभा असतो. हेडफोन लावून घरात बसून पळवायच्या रेसला मार्शल आपला आपणच नेमावा लागतो.

त्यासाठी तीन मार्ग आहेत. शिक्षा गेमवर सोडायची, रेस चालू असतानाच कुणीतरी बघून शिक्षा द्यायची, किंवा रेस संपल्यावर रिप्ले पाहून पंचांनी निकाल द्यायचा.

| | गेमवर सोडणे | लाइव्ह रेस कंट्रोल | रेसनंतरचे पंच |
|---|---|---|---|
| लागणारी माणसं | कुणी नाही | किमान 2, दोघेही रेसबाहेर | 3 पंच, 2 राखीव |
| अंतिम निकाल | लगेच | लगेच | 3-4 दिवसांनी |
| चुकलेला निर्णय | तसाच राहतो | बहुधा सुधारता येत नाही | सुधारता येतो |
| दोष कुणाचा | कळत नाही | घाईत ठरतो | दोन्ही बाजू पाहून ठरतो |

गेमला दिसतं ते आणि न दिसतं ते

आयरेसिंग या गेमचा हिशेब सरळ आहे. ट्रॅकबाहेर गेलात तर चुकीचा 1 पॉइंट, गाडीवरचा ताबा सुटला तर 2, दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली तर 4. यात दोष कुणाचा हे पाहिलंच जात नाही. मागून ठोकणाऱ्याला 4 आणि ठोकून घेणाऱ्यालाही 4. अनोळखी लोकांच्या रोजच्या रेसला हे चालून जातं, कारण शेकडो रेसांनंतर सरासरी निघते आणि सतत धडकणारा उघडा पडतो. आठ रेसांच्या लीगमध्ये मात्र सरासरी निघायच्या आत सीझन संपतो. आयरेसिंगवर लीग चालवणार असाल तर पॉइंटची मर्यादा ठेवा, पण ढिली ठेवा. फार कडक ठेवली तर दोनदा मागून ठोकून घेतलेला सरळ माणूसच रेसबाहेर जातो.

असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने हा गेम उलट टोकाला आहे. पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या गल्लीत, ताशी 50 किमीच्या वर गेलात तर शिक्षा, वळणं कापलीत तर आधी इशारे आणि मग ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे न थांबता पिट लेनमधून हळू जाऊन वेळ गमवायची शिक्षा. पण धडकेबद्दल रेसमध्ये आपोआप काहीच होत नाही. कुणी मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) ब्रेक न लावता चार गाड्या उडवल्या तरी गेम गप्प. सर्व्हर स्वतःचा असेल तर निदान दारात चाळणी लावता येते. प्रवेशासाठी त्या ट्रॅकची 0 ते 3 मेडल (ती ट्रॅकवर सराव करूनच मिळतात) आणि ठरावीक सेफ्टी रेटिंग, म्हणजे सांभाळून चालवण्याचे गेमनं दिलेले गुण, मागता येतं. तिन्ही मेडल मागितली की रेसच्या रात्रीच ट्रॅक पहिल्यांदा उघडणारे आपोआप गळतात, आणि ही मंडळी गळली की निम्मी कटकट मिटते.

गेमकडेच ठेवावीत अशी तीन कामं आहेत: ट्रॅक लिमिट, पिटचा वेग आणि स्टार्टला आधी सुटणं. ही मोजायची कामं आहेत, त्यात माणसानं हात घालू नये. ‘त्याचं चाक रेषेवर होतं, माझंच कसं बाहेर’ असल्या तक्रारी पाहत बसलात तर पंचांची रात्र त्यातच जाईल. अपवाद एकच. दुसऱ्यानं ढकलल्यामुळे कुणी बाहेर गेला आणि गेमनं त्यालाच शिक्षा दिली, तर ती माणसानं रद्द करावी.

लाइव्ह रेस कंट्रोल: दिसायला भारी, निभवायला अवघड

एकानं रेस बघायची, दुसऱ्यानं ॲडमिनच्या कमांड टाइप करायच्या. कॉम्पिटिझिओनेत गाडीच्या नंबरासकट 5 किंवा 15 सेकंदांची शिक्षा, ड्राइव्ह-थ्रू, स्टॉप-अँड-गो (पिटमध्ये काही सेकंद थांबणं) किंवा थेट अपात्र, सगळं चॅटमधून देता येतं. आयरेसिंगमध्येही ॲडमिनला काळा झेंडा (शिक्षेचा) दाखवता येतो आणि मागेही घेता येतो.

अडचण कमांडची नाही, वेळेची आहे. वीस गाड्यांत एकाच लॅपमध्ये तीन ठिकाणी गडबड होते आणि बघणाऱ्याचे डोळे एकाच कॅमेऱ्यावर असतात. मागे जाऊन नीट बघावं तर पुढचं निसटतं. त्यातून ड्राइव्ह-थ्रू चुकून दिला आणि ड्रायव्हरनं तो पिटमधून जाऊन भोगला, तर गेलेले वीस-पंचवीस सेकंद परत देता येतात खरे, पण मधे गेलेली जागा आणि बिघडलेली लढत परत देता येत नाही. पाच मिनिटांनी कळतं की चूक दुसऱ्याची होती, पण तोवर वेळ गेलेली असते. शिवाय लहान लीगमध्ये दोन माणसं रेसबाहेर बसवायची म्हणजे बहुतेक वेळा दोन चांगले ड्रायव्हरच बसवायचे, कारण नियम त्यांनाच नीट कळतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावात शिफ्टला जाणारा दर शनिवारी रात्री दहाला हजर राहील याचाही भरवसा नसतो.

लाइव्ह माणूस मात्र चार गोष्टींसाठी लागतोच. स्टार्टआधीच्या फॉर्मेशन लॅपमध्ये रांग लावणं, उलट दिशेनं येणाऱ्याला काढणं, निळा झेंडा (मागच्या वेगवान गाडीला वाट द्या) मिळूनही लॅपभर अडवून धरणाऱ्याला सांगणं, आणि व्हॉइस चॅटमध्ये शिवीगाळ सुरू झाली की माइक बंद करणं. एवढ्यासाठी एक माणूस पुरतो.

रेसनंतरचे पंच

लहान लीगसाठी आमचा कौल याला आहे. त्याची किंमतही आहे: शनिवारी पहिला आलेला बुधवारपर्यंत तात्पुरताच पहिला असतो, आणि जिंकल्याची मजा निम्मी होते. ती थोडी तरी वाचवायची असेल तर पहिल्या तीन जणांबद्दलच्या तक्रारी पंचांनी आधी निकालात काढाव्यात.

वेळापत्रक लिहूनच ठेवा. रेस शनिवारी रात्री संपली तर तक्रार रविवारी रात्री दहापर्यंत, समोरच्याचं उत्तर सोमवारी दहापर्यंत, निकाल बुधवारी दहापर्यंत. तक्रार फॉर्ममधूनच घ्यायची. लॅप, वळण, दोन्ही गाड्यांचे नंबर, रिप्लेतली वेळ आणि दोन ओळींत काय झालं, एवढं भरलं नसेल तर ती नोंदवायचीच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप टाकून ‘बघा रे हे’ म्हणणाऱ्याची तक्रार बाद. हा नियम कडक वाटतो, पण ग्रुपवर चाळीस मेसेज झाल्यावर एकाही पंचाचं मन कोरं राहत नाही.

एका तक्रारीला दहा मिनिटं धरा. आठ तक्रारी आल्या तर पंचाचे ऐंशी मिनिटं जातात. म्हणून प्रत्येकाला सीझनमध्ये फसलेल्या दोनच तक्रारी माफ, तिसरीला स्वतःवर दंडाचा एक पॉइंट.

रिप्ले दोघांच्याही मशीनवरचा मागवा. हे बरेच जण विसरतात आणि सगळा निकाल त्यानं चुकतो. ताशी 200 किमी वेगानं गाडी सेकंदाला साधारण 55 मीटर जाते, म्हणजे 100 मिलिसेकंदांच्या उशिरात साडेपाच मीटर. हे एका जीटी3 रेसिंग गाडीच्या लांबीपेक्षा जास्त आहे. समोरची गाडी नेमकी कुठे आहे याचा प्रत्येक मशीन अंदाज बांधत असतं. त्यामुळे एकाच्या स्क्रीनवर धडक दिसते आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर मधे हातभर फट. दोन्ही रिप्लेंत चित्र वेगळं असेल तर ती नेटची चूक समजा आणि कुणालाच शिक्षा करू नका. रिप्लेची कमाल लांबी रेसपेक्षा जास्त आहे का, तेही आधी तपासा. नाहीतर पुसला जातो तो नेमका सुरुवातीचा भाग.

आता पंच कोण? शाहू स्टेडियमवर तालमीतालमींची फुटबॉलची ईर्षा बघत मोठे झालेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. एका पेठेतले, एका टीममधले किंवा नात्यातले दोघे समोरासमोर आले की त्या तक्रारीपुरता त्या पंचानं उठायचं आणि राखीव बसवायचा. पंचांनी एकमेकांशी न बोलता आधी आपापलं मत लिहून द्यावं. एकत्र बसून पाहिलं की सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याचा निकाल लागतो. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या लीगशी पंचांची अदलाबदल जमली तर फारच उत्तम: तुमची रेस त्यांनी पाहायची, त्यांची तुम्ही.

पंचांच्या हातात कोणता नियम द्यायचा

‘नीट चालवा’ हा नियम नव्हे. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांतून आणि मार्गदर्शक सूचनांतून चार वाक्यं उचलली तरी बहुतेक प्रकरणं सुटतात. बचावासाठी दिशा एकदाच बदलायची. बचाव करून पुन्हा रेसिंग लाइनकडे (वळणातून सगळ्यात जलद जाणाऱ्या मार्गाकडे) येताना ट्रॅकच्या कडेला एका गाडीची जागा सोडायची. गाडीचा कुठलाच भाग ट्रॅकवर नसेल तर ती बाहेर. आणि आतून ओव्हरटेक करताना अपेक्सपर्यंत (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूपर्यंत) पुढच्या चाकांचा ॲक्सल निदान समोरच्या गाडीच्या आरशापर्यंत पोचलेला हवा, तरच जागेवर हक्क. हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे, कारण ‘मी बाजूला होतो’ आणि ‘तू नव्हतासच’ हा वाद रिप्ले थांबवून, वरच्या कॅमेऱ्यातून मोजता येतो. लांबून आत शिरणारे डाइव्हबॉम्बवाले इथेच पकडले जातात.

सेकंद की पॉइंट

रेसच्या वेळेत नुसते 5 सेकंद वाढवले तर ठोकणं परवडतं. ज्याची गाडी फिरली त्याचे वीस सेकंद गेले आणि ठोकणारा पाच भरून पुढेच. उलट, नुसते दंडाचे पॉइंट ठेवले तर त्या रेसचा अन्याय तसाच राहतो. म्हणून दोन्ही हवेत. जागा न गमावता घासाघासी झाली तर ताकीद आणि 1 पॉइंट. समोरच्याची जागा गेली तर 10 सेकंद आणि 2 पॉइंट. गाडी फिरली किंवा मोडली तर 30 सेकंद आणि 3 पॉइंट. जाणूनबुजून केलं तर अपात्र. चूक कळून एका लॅपच्या आत थांबून जागा परत दिली तर सेकंद माफ, पॉइंट निम्मे. ही सवलत जरूर ठेवा, निम्म्या तक्रारी नोंदवण्याआधीच तिच्यामुळे विरतात.

फॉर्म्युला वनमध्ये 12 महिन्यांत दंडाचे 12 पॉइंट झाले की एका रेसची बंदी. 2024 मध्ये केव्हिन मॅग्नसन असाच अझरबैजानच्या रेसला मुकला. आठ रेसांच्या लीगला 12 हा आकडा फार मोठा, कुणी तिथवर पोचणारच नाही. 5 झाले की पुढच्या रेसला सगळ्यात मागून सुरुवात, 8 झाले की एका रेसला घरी.

दुसऱ्याला आपल्या नावावर बसवणं ही वेगळी जात, तिला पॉइंट नकोत, थेट सीझनबाहेर. मे 2020 मध्ये फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक रेसिंगच्या ऑनलाइन मालिकेत ड्रायव्हर डॅनियल आब्टनं आपल्या जागी एका सराईत सिम रेसरला (ऑनलाइन रेसिंगच्या खेळाडूला) बसवलं. तो अपात्र ठरला, 10,000 युरो धर्मादाय संस्थेला द्यावे लागले आणि त्याच्या टीमनं, ऑडीनं, त्याला निलंबित केलं. ते तर गंमत म्हणून केलं होतं.

लाइट गेली तर

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा नियम पहिल्या पानावर हवा. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर लाइट जाताना पीसी रीस्टार्ट होतो. आणि पीसी वाचला पण राउटर इन्व्हर्टरवर नाही, तर उपयोग शून्य. वायफायऐवजी लॅन केबल सक्तीची करा. पहिल्या दोन लॅपमध्ये एक तृतीयांशापेक्षा जास्त ड्रायव्हर गेले तर एकदाच, फक्त एकदाच, रेस पुन्हा सुरू करा. त्यानंतर कितीही गेले तरी रेस चालू. जो गेला त्यानं रेसचं 75 टक्के अंतर कापलं असेल तर त्याचे लॅप मोजायचे.

सीझनआधी वीस मिनिटांची एक खोटी रेस घ्या. ठरवून तीन धडका करा: एक स्पष्ट, एक वादग्रस्त, एक नेटमुळे झालेली. तिन्हींच्या तक्रारी फॉर्ममधून येऊ द्या आणि पाचही पंचांना वेगवेगळे निकाल लिहायला लावा. वादग्रस्त धडकेवर पाच जणांचे तीन निकाल आले तर खोट पंचांत नाही, नियमाच्या वाक्यात आहे. ते वाक्य बदला आणि खोटी रेस पुन्हा घ्या.