कॅन्सर, क्षय की अल्झायमर? आधी घरातलं यंत्र बघा

वैद्यकीय संशोधनासाठी आपला संगणक रिकाम्या वेळेत कामाला लावायचा असं ठरलं, की बहुतेक जण पहिला प्रश्न आजाराचा विचारतात. ते साहजिक आहे. कुणी खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात आईला घेऊन महिनोन्‌महिने खेटे घातलेले असतात, तर कुणी आजोबांना घरच्यांची नावं एकेक करून विसरताना पाहिलेलं असतं. तरीही निवड आजारापासून सुरू केली तर ती बहुधा फसते. आधी घरात कोणतं यंत्र आहे ते बघावं, मग विजेचं बिल, मग त्या प्रकल्पाकडून काम नियमित येतं का. आजाराचा नंबर त्यानंतर लागतो. असं का म्हणतो, ते प्रकल्प शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

मूळ कल्पना सोपी आहे. एखादं प्रचंड गणित हजारो तुकड्यांत वाटायचं, एकेक तुकडा जगभरातल्या घरगुती संगणकांकडे पाठवायचा आणि उत्तरं परत गोळा करायची. या तुकड्याला वर्क युनिट म्हणतात. प्रत्येकाला मुदत असते. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तोच तुकडा दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमची वीज वाया जाते. या एका गोष्टीभोवती बाकी सगळं फिरतं.

आत शिरायची दारं दोन. फोल्डिंग ॲट होम या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. बाकीचे बहुतेक प्रकल्प बॉइंक या सॉफ्टवेअरमधून चालतात. बॉइंक बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. परग्रहावरचे संदेश शोधणारा सेटी ॲट होम १९९९ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२० मध्ये त्याने नवं काम देणं थांबवलं. त्याच्यासाठी बांधलेल्या व्यवस्थेवर आज औषधसंशोधन चालतं. बॉइंक एकदा बसवलं की त्यात एकाहून अधिक प्रकल्प जोडता येतात. याचा उपयोग पुढे येईल.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये मुलाने गेमिंगसाठी घेतलेला पीसी आहे, त्यात अलीकडचं ग्राफिक्स कार्ड आहे, असं धरू. या घरासाठी माझं उत्तर फोल्डिंग ॲट होम हेच आहे.

हा प्रकल्प ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्डला विजय पांडे यांच्या प्रयोगशाळेत सुरू झाला. आता ग्रेग बोमन यांच्याकडे त्याची धुरा आहे आणि ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आहेत. प्रथिनं घडी कशी घेतात, कशी हलतात, हलताना कुठे उघडतात याची नक्कल इथे अणूअणूच्या पातळीवर केली जाते. एकाच वेळी असंख्य छोटी गणितं करायची असतात, म्हणून ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरपेक्षा कितीतरी पुढे जातं. एनव्हिडिया आणि एएमडी दोन्हींची कार्डं चालतात. २०२० च्या वसंतात कोविडसाठी इतके लोक जोडले गेले, की या प्रकल्पाची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या वर गेली, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं. त्या काळात स्वयंसेवक जास्त आणि काम कमी अशी अवस्था झाली होती. सर्व्हर वाढवून ती सावरावी लागली.

अल्फाफोल्ड आल्यावर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांचे आकार ओळखता यायला लागल्यावर, हे सगळं कालबाह्य झालं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: नाही. अल्फाफोल्ड मुख्यतः स्थिर आकार सांगतं. औषध मात्र बऱ्याचदा प्रथिन हलताना क्षणभर उघडणाऱ्या खाचेत बसतं. स्थिर चित्रात ती खाच दिसत नाही. इबोलाच्या व्हीपी३५ या प्रथिनात औषध बसेल अशी जागा कुणाला सापडत नव्हती. फोल्डिंगवाल्यांच्या नकलेत तिथे एक लपलेली खाच दिसली, प्रयोगशाळेतही ती असल्याचा पुरावा मिळाला आणि २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आता फोल्डिंगची अट. इथे एक तुकडा संपतो तिथून पुढचा सुरू होतो. प्रथिनाच्या हालचालीची ती एक सलग साखळी असते. तुमच्या संगणकावर एक कडी अडकून पडली, तर पुढची कडी कुणालाच देता येत नाही. म्हणून लवकर उत्तर पाठवणाऱ्याला इथे गुण जास्त मिळतात. त्या गुणांना पैशाचं मोल नाही, पण वेळ का महत्त्वाची आहे ते त्यातून कळतं. जो पीसी रात्री दोन तास चालू राहील आणि मग तीन दिवस बंद, तो फोल्डिंगला फारसा उपयोगी नाही. रोज ठरलेले सात-आठ तास देणारा पीसी सोन्यासारखा. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: सेटिंगमध्ये कॅन्सर किंवा अल्झायमर निवडता येतं, पण ती फक्त पसंती असते. त्या आजाराचं काम हाताशी नसेल तर दुसरं येतं. येऊ द्यावं.

ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातला जीपीयूग्रिड हा दुसरा पर्याय आहे. तो बॉइंकवर चालतो, पण त्याला एनव्हिडियाचंच कार्ड लागतं आणि काम अधूनमधून येतं. विषय उत्तम आहे, रेण्वीय औषधसंशोधन. पण एकट्या त्याच्यावर अवलंबून राहू नका. फोल्डिंग मुख्य आणि हा सवडीने.

दुसरं घर नेरूळचं किंवा नौपाड्यातलं. डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा, ग्राफिक्स कार्ड नाही, चार कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम. निवृत्त गृहस्थ सकाळी पेपर वाचतात, बँकेचं काम करतात, संध्याकाळी नातवाशी व्हिडिओ कॉल. संगणक दिवसभर चालूच असतो आणि बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. फोल्डिंग इथेही प्रोसेसरवर चालतं, पण कमी कोअरच्या जुन्या यंत्राला मुदत गाठताना दमछाक होते. या घराने बॉइंकच्या दारातून जावं.

बॉइंकवर वैद्यकीय कामासाठी सगळ्यात मोठं नाव वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड. आयबीएमने तो नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू केला. २०२१ मध्ये तो टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवल्याचं जाहीर झालं. इथलं मुख्य काम म्हणजे कॅन्सरच्या खुणा शोधणं. रुग्णांच्या ऊतींच्या नमुन्यांतून आलेल्या प्रचंड माहितीत जनुकांची कोणती जुळणी रोगाचा अंदाज देते, ते चाळून काढायचं. आधी फुफ्फुसाचा, मग अंडाशयाचा, मग सार्कोमा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या ऊतींचा कॅन्सर, अशा क्रमाने हे काम गेलं. तुकडे छोटे असतात, रॅम कमी लागते, मुदत निवांत असते, आणि एक तुकडा दुसऱ्यावर अवलंबून नसतो. त्यामुळे तुमचा संगणक एखादा दिवस बंद राहिला तरी कुणाची साखळी अडत नाही. नेरूळच्या त्या डेस्कटॉपसाठी हेच मापाचं काम आहे.

या ग्रिडची आधीची कामगिरीही चांगली आहे. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी जपानमधल्या चिबाच्या संशोधकांनी त्यावर तीस लाख संयुगं चाळली आणि त्यातली सात आशादायक असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. तीस लाखांतून सात! प्रयोगशाळेत एकेक तपासायला गेलं असतं तर आयुष्यं सरली असती. आपल्याकडच्या क्षयरोग्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक प्रकल्पही तिथे २०१६ मध्ये सुरू झाला होता. ब्रिटनच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचा तो प्रकल्प क्षयाच्या जंतूच्या मेणचट आवरणाचा अभ्यास करत होता. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे अशा कामाची ओढ आपल्याला जास्त वाटावी हे रास्तच.

उणी बाजूही सांगायला हवी. आयबीएमकडून टोरांटोला स्थलांतर होताना २०२२ मध्ये हा ग्रिड महिनोन्‌महिने बंद होता, आणि त्यानंतरही सर्व्हर बंद पडण्याचे प्रसंग आले. काम उत्तम, व्यवस्था डळमळीत. बॉइंकमध्ये दुसरा प्रकल्प जोडून ठेवायचा तो यासाठी. पहिल्याचं काम आलं नाही की यंत्र आपोआप दुसऱ्याकडे वळतं.

तो दुसरा कोणता? रोझेटा ॲट होमचं नाव बरेच जण घेतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा हा प्रकल्प २००५ पासून आहे, आणि बेकर यांना संगणकाने प्रथिनं रचण्याच्या कामासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नाव मोठं आहे, पण नोबेलकडे बघून निवड करू नका. प्रथिनरचनेचं बरंचसं काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाटेने जातं आणि रोझेटावर काम तुरळक येतं. आलं तर मुदत साधारण तीन दिवसांची आणि काही कामांना रॅम भरपूर लागते. आठ जीबीच्या यंत्रावर व्हिडिओ कॉल आणि रोझेटा एकत्र चालवलं तर नातू अडखळत बोलताना दिसेल.

म्हणून दुसऱ्या जागी मी इटलीतल्या त्रेन्तोचा टीएन-ग्रिड ठेवतो. जनुकांची एकमेकांशी असलेली जाळी कशी विस्तारते, याचं काम तिथे चालतं. फारसा गाजावाजा नाही, जुन्या प्रोसेसरलाही झेपतं. कोविडच्या काळात सुरू झालेला सायडॉक हा औषधशोधाचा प्रकल्पही प्रोसेसरवर चालतो. तो तिसरा म्हणून जोडायला हरकत नाही.

आता विजेचं बिल. ठाणे-नवी मुंबईत बहुतेक घरांना महावितरणची वीज आहे, कळवा-मुंब्र्याला टोरेंटची. घरगुती दर टप्प्यांचे: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. हिशेब करताना सरासरी दर धरू नका. संगणकाचा वापर हा तुमच्या बिलाच्या वरच्या टोकाला पडतो, म्हणून शेवटच्या टप्प्याचा दर धरा. त्यावर वहन आकार आणि वीज शुल्क येतं ते वेगळं.

गेमिंग पीसी पूर्ण भाराने चालताना अडीचशे वॅट जास्त खात असेल आणि रोज आठ तास चालला, तर महिन्याला साठ युनिट होतात. चोवीस तास चालवला तर एकशे ऐंशी. जानेवारीत घराचा वापर २२० युनिट असेल तर वरचे साठ दुसऱ्याच टप्प्यात बसतील. मे महिन्यात एसीमुळे आधीच ४७० झालेले असतील, तर तेच साठ युनिट पाचशेची रेघ ओलांडतील. शिवाय पीसी जी वीज खातो ती सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते, आणि ती बाहेर काढायला एसी पुन्हा वीज खातो. माझा सल्ला असा: ग्राफिक्स कार्डवरचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोरात करा, एप्रिल-मेमध्ये बंद ठेवा. जुन्या डेस्कटॉपचं गणित सौम्य आहे. तो नाहीतरी चालूच असतो, त्यामुळे भार वाढल्याची तेवढीच वीज मोजायची. तीस-चाळीस वॅट धरले तर दिवसाला आठ तासांचे महिन्याला सात ते दहा युनिट.

पण केवळ यासाठी माळ्यावरचा बारा वर्षांपूर्वीचा पीसी खाली काढून चोवीस तास लावणार असाल, तर नको. नवं कार्ड थोड्या वेळात करेल ते काम तो दिवसभर करत बसेल आणि बिल मात्र पूर्ण घेईल. त्या बिलाइतके पैसे दर महिन्याला टाटा मेमोरियलला देणगी म्हणून पाठवलेत तर रुग्णाला त्याचा उपयोग जास्त होईल. हे मी मनापासून सांगतो, कारण हौसेपेक्षा रुग्ण महत्त्वाचा.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. बॉइंकमध्ये प्रोसेसर निम्माच वापरायची सोय आहे, ती वापरा, नाहीतर पंखा घोंघावत राहील आणि बॅटरी लवकर उतरेल. ऐरोली-महापेच्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नका, उद्देश कितीही चांगला असो. फोनवरही बॉइंक चालतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच काम करतं. आपल्या दमट उकाड्यात चार्जिंगला लावलेला फोन तासन्‌तास तापवणं मला पटत नाही.

दोन्ही घरांनी एक सवय मात्र लावून घ्यावी. गणपतीला गावी निघायचं असेल, तर आदल्या दिवशीच फोल्डिंगमध्ये हातातला तुकडा संपवून थांबायचा पर्याय निवडा, आणि बॉइंकमध्ये प्रत्येक प्रकल्पाला नवं काम घेऊ नको असं सांगा. हातातलं सगळं पूर्ण होऊन उत्तरं गेली की मग मेन स्विच बंद करा.